नाव न सांगण्याच्या अटीवर

मॅडमनी मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं नाही. नुकतीच कबड्डीची चढाई करून आले होते. दम खाली बसला नव्हता, घाम डोळ्यांत उतरत होता. अक्षरं दिसत होती, पण लागत नव्हती. मग त्यांनीच वाचलं. मोठ्यानं. रत्नागिरीच्या त्या हॉलमध्ये, टेबलामागे बसलेल्या दुसऱ्या दोन निवडकर्त्यांना आणि भिंतीला टेकून आपली पाळी बघत बसलेल्या सगळ्या मुलींना ऐकू जाईल असं.

"'तिच्या जवळच्या एका जाणकारानं नाव न सांगण्याच्या अटीवर सांगितलं की, मुलगी चढाईला उत्तम आहे, पण डोक्यानं गरम. कोणाचं ऐकून घेत नाही. मे महिन्यातल्या शिबिरातून आईच्या आजाराचं खोटं कारण देऊन पळाली होती. हिच्या हातात संघ देणं धोक्याचं आहे. खेळ शिकवता येतो, वळण शिकवता येत नाही. ते घरातून यावं लागतं.'"

त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "खरं आहे का हे?"

आणि मी म्हणाले, "माझंच चुकलं, मॅडम."

कोणी मारलं नव्हतं. कोणी दम दिला नव्हता. एक साधा प्रश्न विचारला होता, हो किंवा नाही म्हणायचं होतं. मी तिसरंच बोलून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मुलींच्या कबड्डीची नवी लीग होणार होती. मोठ्या शहरांचे संघ आळीपाळीनं एकेक खेळाडू उचलणार होते आणि त्याआधी कोकणातल्या मुली बघायला ही माणसं आली होती. सकाळपासून सगळं माझ्या बाजूनं चाललं होतं. पहिल्याच चढाईत मी दोघींना बाद करून परत आले, तेव्हा याच मॅडम शेजारच्यांना म्हणाल्या होत्या, "हिला बघा. ही संघ चालवेल." मी ऐकलं होतं. मग जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी त्यांना ती बातमी दाखवली. खेळाच्या बातम्या देणारं एक पान आहे मोबाइलवर, त्यावर 'कोकणातून कोण?' अशा मथळ्याखाली आम्हा मुलींबद्दल लिहिलं होतं. बाकीच्यांचं वजन, उंची, गुण. माझं वळण.

"चुकलं ना? मग प्रश्नच मिटला," असं म्हणून मॅडमनी पुढचं नाव पुकारलं.

पुढचं नाव सायलीचं होतं.

सायली माझ्याच वाडीतली, माझ्याच मंडळातली. ती कोपऱ्यात खेळते. तिच्या हातात समोरचीचा घोटा आला की सुटत नाही. तिच्या घरच्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की या निवडीत नाव आलं तर खेळ, नाही आलं तर तुळशीचं लग्न झाल्यावर पाहुणे बघायला येतील. ती त्या दिवशी जीव तोडून खेळली. मी भिंतीशी बसून बघत होते. शेवटी तिला टेबलापाशी बोलावलं आणि मॅडमनी विचारलं, "तुमच्या क्लबमध्ये शिबिरातून पळून जायची पद्धत आहे का?"

सायलीनं माझ्याकडे बघितलं. मी मॅटकडे बघितलं.

संध्याकाळी नावं वाचली. माझं नव्हतं. सायलीचंही नव्हतं. तिनं धीर करून विचारलं, तेव्हा टेबलावरचा एक जण म्हणाला, "खेळ छान आहे तुझा. पण क्लबचा भरवसा नाही. तुमच्या त्या मुलीनं स्वतःच कबूल केलं ना." स्वतःच. तो शब्द मी आयुष्यभर विसरणार नाही.

स्टँडवर सायली माझ्यापासून लांब उभी राहिली. मग जवळ येऊन एवढंच म्हणाली, "तू खरंच पळालेलीस?"

मला तिला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. सांगायचं तर अण्णांचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि आमच्याकडे अण्णांचं नाव असं कुठल्याही वाक्यात घेत नाहीत.

अण्णा म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, प्रशिक्षक, सगळं. घराणं जुन्या खोतांचं. गावच्या वरच्या अंगाला त्यांची कलमांची बाग आहे आणि माझी आई त्या बागेत कामाला जाते. माझे बाबा मुंबईत एका कँटीनमध्ये आहेत, गणपतीला आणि शिमग्याला येतात. अण्णांनी मला शाळेच्या पटांगणातून उचललं. पहिले बूट त्यांनी दिले. चढाईत पाय कसा टाकायचा, समोरचीच्या डोळ्यांत बघून पकड कशी सोडवायची, हे त्यांनी शिकवलं. खोटं कशाला बोलू? माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं, हे मला कोणी वेगळं शिकवायला नको.

आणि ते 'माझंच चुकलं' सुद्धा मला कोणी वेगळं शिकवलेलं नाही. आमचे आजे-पणजे खोताच्या अंगणात उभे राहून हेच म्हणायचे. भात कमी भरलं, माझंच चुकलं. गुरं बागेत शिरली, माझंच चुकलं. कूळकायदा आला, मळा आमच्या नावावर झाला, पण ते वाक्य आमच्या तोंडात राहिलं. ते काढायला कुठला कायदा आला नाही. मी लहान असताना आई सांगायची, "मोठा माणूस बोलला की आधी चुकला म्हणायचा. काय चुकला ता मागाहून बघायचा." मी मॅडमपुढे तेच केलं. फक्त मागाहून बघायला गेले तेव्हा नावं वाचून झाली होती.

एसटीत खिडकीशी बसले होते. हातखंब्याच्या पुढे गाडी वळली आणि माझ्या डोक्यात ते वाक्य पुन्हा वाजलं. आईच्या आजाराचं खोटं कारण.

खोटं.

आईच्या आजाराचं कारण शिबिरात सगळ्यांना माहीत होतं, गावात कोणालाच नाही. ते खोटं होतं हे कोणाला माहीत होतं?

मला. आईला. आणि ज्यांनी ते कारण दिलं त्यांना.

मे महिन्यात खेडला शिबिर होतं. शेवटच्या दिवशी सामना होता, त्यातून संघाची कर्णधार ठरायची होती. त्याच्या आदल्या सकाळी अण्णांची जीप दारात. त्यांनी शिबिरप्रमुखांना सांगितलं, "हिची आई आजारी आहे. न्यायला आलोय." मी तशीच धावले. बॅगसुद्धा नीट भरली नाही. चिपळूण येईपर्यंत मी मागच्या सीटवर रडत होते. चिपळूण मागं पडल्यावर अण्णा मान न वळवता म्हणाले, "अगो, रडतेस काय? आई ठणठणीत आहे तुझी. बागेत माणूस नाही. नेपाळी गडी निघून गेले, पाऊस तोंडावर आलाय आणि आंबा अजून झाडावर. मुलींना बोलवायला नको?"

तुम्हाला वाटेल मला राग आला असेल. नाही आला. हायसं वाटलं. आई बरी आहे म्हणून मला अण्णांचे पाय धरावेसे वाटले. इतकी मी खुळी.

दर वर्षी आम्ही मंडळाच्या मुली त्यांच्या बागेत राबायचो. आंबा उतरवला की निवडायचा, डागी बाजूला काढायचा, करंड्या डोक्यावरून खाली रस्त्यापर्यंत न्यायच्या. अण्णा म्हणायचे, "हा पण व्यायामच. मांड्या भरतात." आम्ही हसायचो. देठ तुटला की चीक उडतो आणि अंगावर पडला की कातडी जळते. त्या दिवशी माझ्या हातावर उडाला. खेडला सामना चालू होता तेव्हा मी हाताला खोबरेल लावत बसले होते. कर्णधार दुसरी झाली. राहिलेलं सामान आणायला मी खेडला गेले तेव्हा शिबिरातल्या बाईंनी विचारलं, "आई कशी आहे गं?" मी म्हटलं, "बरी आहे आता." तेवढं खोटं माझं. ते मी नाकारत नाही.

आईला हे तेव्हाच कळलं होतं. तिनं मीठ-मिरची घेऊन स्वतःच्याच अंगावरून ओवाळली आणि चुलीत टाकली. "माज्या जिवावर बोललानी," एवढंच पुटपुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच बागेत कामाला गेली.

निवडीनंतर घरी आले तेव्हा आईनं तोंडाकडे बघूनच ओळखलं. मी सगळं सांगितलं. बातमीतलं शेवटचं वाक्यही सांगितलं. वळण घरातून यावं लागतं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे माजा वळण," ती म्हणाली.

"तुझं नाही गं, आई."

"मंग कुणाचा? घरात दुसरा कोण हाय?"

मी तिच्याशेजारी बसले. जगात अपराधी वाटण्याच्या जेवढ्या जागा असतील तेवढ्या सगळ्या त्या एका आठवड्यात मी फिरून आले. सायलीचं गेलं ते माझ्यामुळे. आईला वळण नाही असं जगानं वाचलं ते माझ्यामुळे. मंडळाचं नाव खराब झालं तेही माझ्यामुळे. आणि अण्णांवर मी संशय घेतेय, ज्यांनी मला बूट दिले त्यांच्यावर, म्हणजे मी कृतघ्न. हे शेवटचं सगळ्यात जास्त खात होतं. गंमत बघा. ज्यानं माझ्या पाठीत वार केला त्याच्याबद्दल मनात वाईट आलं म्हणून मी देवापुढे हात जोडत होते.

शेवटी त्यांच्याकडे गेले. ते ओटीवर खुर्ची टाकून मोबाइल बघत होते. मी अंगणात उभी राहिले. आम्ही अंगणातच उभे राहतो.

"अण्णा, ता तुमीच बोललात ना?"

"काय?"

"आई आजारी न्हवती ता तुमाला आणि आमालाच ठाव हुता."

त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. ते हसले.

"हुशार आहेस. म्हणूनच सांगतो, बस." बस म्हणाले, पण कुठे ते नाही सांगितलं. मी उभीच. "त्या बातमीवाल्या मुलानं फोन केला, तुमच्या पोरीबद्दल सांगा म्हणाला. मी आहे ते सांगितलं. तिकडे मोठ्या शहरात तुझा टिकाव लागला असता? इथं चार माणसांत बोलता येत नाही तुला. पडून परत आली असतीस, तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तुझ्या भल्याचंच बोललो."

"मंग नाव का न्हाय सांगितलात?"

"तुझ्यासाठी. मी बोललो असं कळलं असतं तर लोक म्हणाले असते, हिच्या गुरूलाच हिचा भरवसा नाही. तुझीच अब्रू गेली असती. मी तुझी लाज राखली." जरा थांबून म्हणाले, "आणि तू गेलीस तर मंडळाचं काय? या बाकीच्या पोरींनी कोणाच्या जिवावर खेळायचं? एवढा स्वार्थ बरा नाही गो."

चोराच्या उलट्या बोंबा. आता म्हणते. तेव्हा मान खाली घालून उभी होते आणि मला खरंच वाटत होतं की मी स्वार्थी आहे.

"देवदिवाळीला देवळात गाऱ्हाणं घालू," ते म्हणाले. "मंडळाचं नाव खराब झालंय. झालं गेलं देवाच्या पायाशी ठेवू. तू नारळ धर, गावकर गाऱ्हाणं घालेल. पदरात घे म्हणेल. की संपलं."

मी म्हटलं, "व्हय."

तुम्हाला आमच्याकडचं गाऱ्हाणं माहीत नसेल तर सांगते. गावाचा मानकरी, म्हणजे गावकर, देवापुढे उभा राहून गावाच्या वतीनं बोलतो. कोणाचं काय मागणं आहे, कोणाचं काय चुकलंय, ते देवाला मोठ्यानं सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा." एकदा गावानं व्हय म्हटलं की ते पक्कं. मग ते कुठल्या बातमीत येवो न येवो. नातवंडांच्या लग्नाच्या वेळीही लोक काढतात. मंडळाचं नाव धुऊन निघणार होतं. पाणी माझ्या अंगावरून जाणार होतं.

पण तोपर्यंत मला ते दिसत नव्हतं. मला वाटत होतं, बरं झालं, एकदा चुकलं म्हणून टाकू आणि मोकळं होऊ.

सायली माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या घरी दोनदा गेले. तिच्या आईनं दारातूनच सांगितलं, "ती न्हाय घरात." आत तिचा आवाज येत होता. मग एकदा नळावर गाठ पडली. तिची कळशी भरत होती. मी म्हटलं, "सायली, मी पळाले नव्हते. अण्णांनीच मला नेलं होतं. आईचं खोटं त्यांनीच सांगितलं."

ती कळशीकडे बघतच म्हणाली, "मंग मॅडमला का न्हाय बोललीस?"

"अण्णांचं नाव आलं असतं."

"मी टेबलाशी हुती तवा पण न्हाय बोललीस."

"नाही."

तिनं नळ बंद केला. "अण्णांचा नाव ऱ्हायला पायजे म्हणून माजा गेला," ती म्हणाली. "त्यांनी तुजा घालवलानी. पण माजा तू घालवलंस."

कळशी कमरेवर घेऊन ती गेली. मी तिथंच उभी राहिले. मागच्या बाईनं हाक मारली तरी बाजूला सरले नाही.

एवढे दिवस मी अपराधी वाटून घेत होते ते सगळं वाऱ्यावर. मला वाटायचं की मी वाईट खेळाडू, वाईट मुलगी, वाईट शिष्य. सायलीनं ते सगळं बाजूला सारून माझा खरा अपराध माझ्या हातात ठेवला. मी एका माणसाचं नाव लपवलं होतं. त्यानं स्वतःचं नाव न सांगण्याची अट एका पत्रकाराला घातली होती. मला तर त्यानं अट घातलीसुद्धा नव्हती. मी आपणहून पाळली.

देवदिवाळीला देऊळ भरलं होतं. पुरुष पुढे, बायका मागे खांबांपलीकडे. अण्णा पांढऱ्या सदऱ्यात, गावकराच्या उजव्या हाताला. मंडळाच्या मुली एका बाजूला ओळीनं. सायली टोकाला. मला पुढे बोलावून हातात नारळ दिला. बायकांना एरवी तिथवर येऊ देत नाहीत, पण चूक कबूल करायला वाट मोकळी असते.

गावकरानं सुरुवात केली.

"हे आई गावदेवी, तुझ्या राखणीत हा गाव नांदतो..."

"व्हय म्हाराजा."

"तुझ्या नावानं हे पोरींचं मंडळ खेळतं..."

"व्हय म्हाराजा."

"आज या मंडळाच्या नावाला बोल लागलाय. तुझ्या एका लेकराच्या हातून चूक झाली..."

गाव व्हय म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात मी बोलले.

"न्हाय."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मैदानावर दम घुमवताना लागतो तो आवाज. गावकर गप्प झाला. अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मला थांबता आलं असतं. त्या क्षणीही 'माझंच चुकलं' जिभेवर आलं होतं, खरं सांगते. मी देवीकडे तोंड केलं. गाऱ्हाणं देवीलाच घालायचं असतं ना. मीच घातलं.

"हे आई, मी शिबिरातून पळाले न्हाय. अण्णा मला जीपमधून घेऊन आले. आई आजारी हाय म्हणून त्यांनी सांगितलानी. बागेत आंबा उतरवायचा हुता म्हणून. आणि पेपरवाल्याला मी पळाले म्हणून त्यांनीच सांगितलानी, स्वतःचा नाव लपवून. मी गप्प बसले म्हणून सायलीची निवड गेली. त्यांचा त्यांनी बघावा. गप्प बसले ती चूक माझी. तेवढीच माझी."

मी थांबले. आता 'व्हय म्हाराजा' म्हणायची गावाची पाळी होती.

कोणी म्हटलं नाही.

देऊळभर माणसं. त्यातली निम्मी माझ्या सामन्यांना शिट्ट्या मारणारी. मे महिन्यात मला करंड्या वाहताना बघितलेली. सगळ्यांना माहीत होतं मी कुठं होते. कोणी खाली बघत होतं, कोणी देवीकडे, कोणी दाराकडे. मी आईकडे बघितलं. तिनं तोंडाला पदर लावला होता. मी सायलीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, पण ओठ मिटलेले.

अण्णा शांतपणे म्हणाले, "झालं तुझं? आता नारळ ठेव."

मी नारळ गावकराच्या हातात परत दिला. "ज्यांचा असंल त्यांनी ठेवावा," म्हटलं आणि बायकांच्या बाजूनं बाहेर आले. चपला सापडेनात. अनवाणीच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आईला बागेतून निरोप आला, येऊ नको. आई आता काजूच्या कारखान्यात जाते. काजूच्या तेलानं बोटांची सालं निघतात. रात्रीची भाकरी थापताना ती बोटं पिठात लपवते, मला दिसू नये म्हणून. मला दिसतात. तिनं मला शाबासकी दिली नाही. "माज्या पोटावर पाय दिलंस बाय," म्हणाली, आणि ते खरं आहे. बाबांनी मुंबईहून फोन करून विचारलं की आता शिमग्याला गावात कोणत्या तोंडानं यायचं. मी म्हटलं, ज्या तोंडानं येता त्याच. त्यांनी फोन ठेवला.

मंडळाच्या मैदानावर मला आता बंदी आहे. लेखी नाही, तशीच. गेले तर मुली खेळ थांबवतात. त्यांचा राग येत नाही. मी हेच केलं असतं.

मॅडमना मी फोन लावला. बऱ्याच प्रयत्नांनी नंबर मिळाला. आधी माझं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग अण्णांचं पूर्ण नाव सांगितलं, मग काय झालं ते सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे तू तेव्हा का नाही बोललीस?" मी म्हटलं, "तेव्हा मला बोलता येत नव्हतं. आता येतं." यादी बंद झाली होती, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, "माझं राहू द्या. सायलीच्या क्लबचा भरवसा माझ्या शब्दावर गेला होता. तो माझ्याच शब्दावर परत द्या. कोणी जखमी झाली, कोणी सोडून गेली, तर तिला बोलवा." त्या म्हणाल्या, "बघते." त्या बघतील की नाही मला माहीत नाही. त्या पानाच्या पत्रकारालाही फोन केला. तो म्हणाला, "तुमची बाजू छापू, पण तुमचं नाव घालायचं का? अडचण होईल तुम्हाला." मी म्हटलं, "घाला. दोन्ही नावं घाला." त्यानं अजून छापलेलं नाही. मी दर सोमवारी त्याला फोन करते.

सायलीला बघायला पाहुणे येऊन गेले. होकार अजून आलेला नाही. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिच्या आईनं पुन्हा सांगितलं, ती घरात न्हाय. मी म्हटलं, "असू दे. तिला सांगा, मी मॅडमना सगळं सांगितलंय, माझ्या नावानं. ती माझ्याशी नाही बोलली तरी चालेल."

भात कापून झालंय. आमचा मळा मोकळा आहे, सातबाऱ्यावर आमच्या नावावर आहे. मी पहाटे तिथं ढेकळं फोडून, पाणी मारून जमीन चोपली आहे. चुन्यानं मधली रेषा मारली आहे. समोर कोणी नसतं. एकटी चढाई करते आणि परत येते. परवा वाडीतल्या शाळकरी पोरी बांधावर येऊन बसल्या. मी बोलावलं नाही. एक उठली आणि आत आली. तिला पहिल्यांदा मी पाय कसा टाकायचा ते शिकवलं नाही. तिला विचारलं, "तुझ्यावर कोणी खोटं घातलं तर काय म्हणशील?" ती गोंधळली. "माझं चुकलं?" म्हणाली.

"न्हाय," मी म्हटलं. "म्हण, कोण बोलला त्याचं नाव सांगा." तिनं हळू म्हटलं. मी म्हटलं, मोठ्यानं. ती म्हणेपर्यंत मी खेळ सुरू केला नाही.

मला अजून अपराधी वाटतं. आईची बोटं बघून वाटतं, सायलीच्या दारावरून जाताना वाटतं, आणि ते वाटणं जाऊ नये असंच मी ठरवलंय. त्यातलं माझं आहे तेवढं मी फेडीन. पण अण्णांचं त्यातलं मी एक कणही उचलणार नाही. पुढच्या निवडीला मी जाणार आहे, मंडळाचं पत्र नसताना, आणि प्रशिक्षक कोण म्हणून विचारलं तर त्यांचं पूर्ण नाव घेऊन सगळं सांगणार आहे, ते समोर बसले असले तरी. मला घेतलं नाही तर घरी येईन. पण माझ्या गप्प बसण्यानं यापुढे कुठल्याही मुलीचं नाव यादीतून जाणार नाही.